मंगळवार, अकरा ते एक

अ‍ॅबर्डीनला धुकं समुद्रावरून येतं.
इथली माणसं त्याला 'हार' म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटायचं,
रोज सकाळी कोण हरतंय एवढं?

धर्म आणि विज्ञान. खोली नंबर सतरा.
फळ्यावर मधोमध एक उभी रेघ,
तिच्या डावीकडे एक, उजवीकडे दुसरं.
सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात,
माझा तर एकतीस वर्षं संसारच कुंपणावर.
पदार्थविज्ञानवाले मला भटजी समजत,
धर्मशास्त्रवाले नास्तिक,
आणि दोघंही नाताळच्या जेवणाला
मला एकमेकांच्या मध्ये बसवत.

मुलाखतीत विचारलं होतं,
"तुमच्या पूर्वेकडे हे दोन वेगळे नाहीतच, नाही का?"
मी मान डोलावली.
नोकरी हवी होती, आणि बाहेर बर्फ पडत होता.

खरं तर वाईला आमचे बापूकाका
पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर
ग्रहणाचं गणित मला मांडून दाखवायचे,
सावली किती वाजता कुठे पडेल ते, मिनिटासकट,
आणि मग उठून
घरातलं सगळं पाणी ओतून द्यायचे.
मी विचारलं, "काका, का?"
ते म्हणाले, "हंडा घासायचाच होता."
हे मी कुठल्याच शोधनिबंधात लिहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात न्यायशास्त्र.
डोंगरावर धूर आहे, म्हणून डोंगरावर आग आहे.
त्या वर्षी मागच्या बाकावरून
आयल्सा रेनी नावाची मुलगी म्हणाली,
"सर, माझे बाबा तेलाच्या फलाटावर असतात.
तिथे रात्रभर ज्वाळा जळते. धूर नसतो."
मी खूश झालो.
म्हटलं, बरोबर! तापलेला लोखंडी गोळा घे.
धुराशिवाय आग असू शकते,
आगीशिवाय धूर नाही.
आणि सांभाळा, म्हटलं, धुक्याला धूर समजू नका,
भले भले तिथे घसरलेत.
खिडकीबाहेर बोट दाखवलं. वर्ग हसला.
तीही हसली.

फेब्रुवारीत एक हेलिकॉप्टर
फलाटावरून निघालं आणि किनाऱ्याला आलं नाही.
पुढच्याच मंगळवारी ती वर्गात हजर.
तास संपल्यावर फळ्यापाशी आली,
त्या रेघेकडे बघत म्हणाली,
"ते आता कुठल्या बाजूला, सर?"

तीन भाषा येत होत्या मला.
चार दर्शनं तोंडपाठ.
मी म्हणालो,
"निबंधाची मुदत मी वाढवून देईन."

"थँक यू," म्हणाली ती. मनापासून म्हणाली,
आणि तेच अजून पचलेलं नाही.

निबंध आला नाही.
मी तिला पास केलं. कशाच्या आधारावर,
ते त्या तक्त्यात लिहायला जागा नव्हती.

काल निरोपसमारंभ झाला.
डीननी खांबेट्यांचे कॅम्बेट केले, नेहमीप्रमाणे,
शेरी दिली, काचेचा एक वाडगा दिला,
आणि दोन जगांमधला पूल वगैरे म्हणाले.
पुलावर कुणी राहत नाही हो,
असं ओठांवर आलं होतं.
वाडगा जड होता, दोन्ही हात गुंतलेले होते.

आज मंगळवार. अकराला सवयीने उठलो,
आणि बस धरून बंदरावर आलो.
हार उतरलीय. धक्क्याचं टोकही दिसत नाही.
जवळ कुठेतरी सीगल चिप्सवरून भांडतायत,
हे अनुमान; कदाचित चिप्स नसतील.

ती ज्वाळा इथून
स्वच्छ दिवशीही दिसत नाही म्हणतात,
शंभर मैल आत आहे.
मी ती कधी पाहिलेली नाही.
धूर नाही, म्हणजे अनुमानही नाही.
उरतो शब्द, एका मुलीचा, मागच्या बाकावरून.
प्रमाणांमध्ये त्याला शेवटची जागा
मीच देत आलो, दर वर्षी, तिसऱ्या आठवड्यात.

समोर पांढरं आहे सगळं.
मी त्या दिशेला तोंड करून उभा आहे,
टोपी काढून.
थंडी आहे, घालायला हवी खरं तर.