पुरवणी

मुख्य कचेरीतून फॉर्म आला आहे.
रकाना सातवा: 'कंपनीची मूल्ये आपल्या हाताखालच्या
माणसांपर्यंत आपण कशी पोचवता? पन्नास शब्दांत लिहा.'
पन्नासात मावत नाही, साहेब. पुरवणी जोडते आहे.

मूल्ये आमच्याकडे चार. जेवणाच्या खोलीत
कॉफीच्या मशीनवर निळी पाटी आहे:
सचोटी. सुरक्षा. आदर. वेळेवर माल.
पहिल्या तिघांची अक्षरं वाफेनं फुगून सुटायला आलीत,
चौथं अजून घट्ट चिकटून आहे.

फेब्रुवारीतली रात्र. काम्बादोसच्या खाडीवर धुकं.
विगोला जायचा ट्रक अंगणात गुरगुरत उभा,
आत पट्ट्यावरून शिनाण्यांचे डबे खळखळत चाललेले.
दर पंधरा मिनिटांनी एक डबा कापायचा,
झाकणाची दुमड मापायची, आकडा वहीत लिहायचा,
हे काम शुर्शोचं.
साडेचारला त्यानं हात वर केला.

हात वर करणं दोन तऱ्हांचं असतं.
एक, 'माझा काही संबंध नाही' म्हणणारं,
ते मी वरच्या मजल्यावर पुष्कळ पाहिलंय.
दुसरं हे.

पट्टा थांबला. धुण्याच्या नळाची ठिबक ऐकू यायला लागली.
'एक वाजल्यापासून मी एकही डबा कापला नाही,' तो म्हणाला,
'आकडे मनाचे लिहिले.'

चौदा हजार डबे.

इथे मला आई आठवली असं लिहिलं
तर तुम्हाला आवडेल. ती नंतर आठवली.
आधी आठवला बोनस.
आणि त्याच्याही आधी, खरं सांगते,
हा मेला गप्प का बसला नाही, असं वाटलं.

मग दिसलं की शुर्शोकडे कोणी बघतच नाहीये.
सगळ्याजणी माझ्याकडे बघतायत.

'ट्रकवाल्याला इंजिन बंद करायला सांगा.'

डॉन एवारिस्तोंना झोपेतून उठवलं.
'चौदा हजारांतले खराब किती?'
'कदाचित एकही नाही.'
'मग?'
'मग माहीत नाही, एवढंच.'

सकाळी नऊपर्यंत डबे कापत होतो.
सैल दुमडीचे सहा निघाले.
अहवालात मी लिहिलं की त्यानं खोटं लिहिलं.
त्याच्या वरच्या ओळीत लिहिलं
की सलग तिसरी रात्र त्याला लावली होती
आणि त्या पाळीपत्रकावर सही माझी आहे.
त्याला पंधरा दिवस बिनपगारी मिळाले. मी पाच मागितले होते.
माझा बोनस गेला.
ईस्टरपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.
त्याचं चुकलं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आई ओहोटीला दाताळ्यानं तिसऱ्या ओढायची.
एका लोखंडी कडीतून एकेक घालून बघायची,
कडीतून सुटली ती लहान, ती परत चिखलात.
'रखवालदार तर नाहीये,' मी म्हणायचे.
'कडी आहे ना,' ती म्हणायची, मान वर न करता.
उपदेश म्हणून तिनं मला एवढंच दिलं.
बाकी पाठदुखी.

जूनमध्ये ओबदुलियानं हात वर केला.
एकतीस वर्षं नोकरी; वरच्यांसमोर
तोंडातून कधी ब्र काढला नव्हता तिनं.
नऊ डब्यांवर लेबलं उलटी लागली होती. नऊच.
ती तशी गेली असती तर कोणी मेलं नसतं,
फार तर कुणीतरी दुकानात मान वाकडी करून वाचलं असतं.
तरी तिचा हात वर, हातमोज्यातून पाणी कोपरापर्यंत ओघळतंय,
आणि शुर्शो धावत गेला बटण दाबायला.

पट्टा अकरा मिनिटं बंद होता.
तुमच्या मासिक तक्त्यात ती अकरा मिनिटं
'वाया गेलेला वेळ' खाली धरली आहेत.
कृपया तिथून काढावीत
आणि सातव्या रकान्यात मांडावीत.

सबेला, रात्रपाळी