एकसष्ट पानांखाली

मे महिना. मानेवाड्याच्या खोलीत
निखाडे कूलर्सची साइट उघडून बसलेय,
मागे त्यांचाच कूलर
ओल्या ताट्यांचा वास सोडत घरघरतोय.

चार वर्षांपूर्वी मीच बांधली ही साइट.
वर दुकानाचं नाव, तळाशी पत्ता, वेळ,
सर्व्हिससाठी धनराजभाऊंचा नंबर.
तळाचं सगळं एकाच फाइलीत.
बाकी पानं तिला फक्त हाक मारतात,
एका ओळीत.
केशोराव तेव्हा म्हणाले होते,
"म्हन्जे मोटर येकच, बॉडी अलग अलग."
हो.
"मंग मोटर जयली त?"
सगळीकडचा वारा बंद.
शेजारी पंपाला सुतळी गुंडाळत
धनराजभाऊ हसले होते.

काल फोन आला.
"भाऊचा नंबर काढून टाक पोरी.
त्याचा फोन गल्ल्यात ठेवला, दिवसभर वाजते.
कोनाचा पंप जाम, कोनाची टाकी गळते.
मी कोनाकोनाले सांगू?"
मग थांबून,
"एकसष्ट पानं हायेत. दोन दिवस लागन?"
दोन मिनिटं, मी म्हणाले,
आणि जीभ चावली.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
"दोनच?"

ओळ खोडली. सेव्ह केलं.
एकेक पान ताजं करून पाहत गेले:
डक्ट कूलर, खिडकीचा कूलर,
लग्नासाठी जम्बो भाड्याने.
धनराजभाऊ कुठेच नव्हते.
इतकं नीट काम केलं होतं मी.

एक पान सोडून.
जुन्या साइटवरून तसंच उचललेलं,
"ताट्या बदलून मिळतील".
माझ्या आधीच्या कुण्या पोराने
तळ हातानेच चिकटवला होता पानाच्या पोटात,
नंबर, आणि नाव चुकीचं: धनराझ.
हे पान कुणालाच हाक मारत नव्हतं.

एकच गोष्ट दोनदा लिहू नये,
हे मी नव्या पोरांना शिकवते.
कर्सर त्या झ पाशी लुकलुकत राहिला.
मी उठले, कूलरमध्ये पाणी भरायला.

जूनमध्ये केशोराव कॉटन मार्केटात भेटले.
शर्टाच्या खिशात दोन फोन.
"कमी झाले आता. पन येखांदा येतेच.
लोकाइले नंबर भेटते कुठून, काय मालूम."
बघते, मी म्हणाले.
"पाहजो," ते म्हणाले.
"घाई नाही."