तेरा आणि एक

शुक्रवारी पावणेसहाला फोन आला,
उद्याचा सामना रद्द.
रद्द नाही, टॉरन्स म्हणाले, पुढे ढकलला.
मी तेव्हा अकरा नंबरचा शर्ट पिळत होते.

डनर्व्हीचे पाच जण पॉझिटिव्ह, दोघं लंगडताहेत,
एकाची बायको बाळंतपणाला टेकलीय.
नियम असा की तेरा खेळाडू आणि एक गोलकीपर
उभे करता आले तर खेळा,
नाहीतर कळवा.
त्यांनी कळवलं.
नेटा, दिवे मालव आणि घरी जा.

घरी कशी जाऊ?
इनिस पहाटे चारपासून मैदानावर ताडपत्र्या ओढतोय,
दंवाने त्याची बोटं गाजरासारखी झालीत.
दीडशे सॉसेज रोल ओव्हनच्या तोंडाशी.
किनलॉर्नसारख्या गावात डिसेंबरचा एक शनिवार बुडाला
की जानेवारीचं विजेचं बिल उरावर बसतं.

आणि नोव्हेंबर विसरू म्हणता?
आमचे सहा आडवे झाले होते तेव्हा.
फोन आम्हीही केला होता.
पलीकडून विचारलं, गोलकीपर आहे ना?
होता.
माझा नातू स्ट्रूअन, सोळा वर्षं पुरी व्हायला आठ दिवस बाकी,
ग्लव्हज दोन मापं मोठे,
मनगटाला मी रबरबँड लावून दिले.

सात गोल झाले.
रात्री त्याचा शर्ट धुतला,
दोन्ही कोपरांना चिखल, बरगडीला चिखल,
डाव्या बाजूला जरा जास्त.
उड्या सगळ्या मारल्या होत्या पोराने.
तो डाग अजून पूर्ण गेलेला नाही.

तेव्हा नियम कुठे झोपला होता?
की आमच्यासाठी तो उभा राहून मोजतो
आणि त्यांच्यासाठी बसून?
दुकानात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे हेच.
कुणी म्हणे, त्या पाचांतला एक
गुरुवारी डनर्व्हीच्या पबमध्ये दिसला, चांगला हसत होता.
मीही म्हणाले.
कागदावरच्या आजाराला खोकला येत नाही, असं म्हणाले,
आणि लोक हसले तेव्हा बरं वाटलं.

रविवारी अलेकचा फोन.
अलेक पिटकेर्न, त्यांचे कपडे धुणारा.
आमची ओळख बावीस वर्षांची, सगळी साबणावरची.
रक्ताला थंड पाणी, हे त्यानेच शिकवलेलं.
आवाज ओळखू येईना.
म्हणाला, मीच आणला बहुतेक. बहिणीकडून.
मग शर्टांवरून, टॉवेलांवरून.
त्या पाचांत मी नाही, नेटा,
आमची गणती होत नाही.
मग बराच वेळ नुसता श्वास, ओल्या पोत्यासारखा.
मला विचारायचं होतं
ते पबचं खरं का रे.
विचारलं, ताप किती आहे.

मार्चमधल्या एका मंगळवारी सामना झाला.
प्रेक्षक नव्वद, कुत्रं धरून.
त्यांचे दोन्ही लंगडे धावत आले, भल्या चांगल्या गुडघ्यांनी.
आमचा रॉरी मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला,
शनिवारी आला असता.
म्हणजे पुन्हा फायदा त्यांचा, तुम्ही म्हणाल.
मीही म्हणते.
पण डिसेंबरात खेळले असते
तर आमच्या इथल्या कुणाच्या छातीत ते पोतं शिरलं असतं,
इनिसच्या? त्या पोराच्या?
इथवर आले की माझा हिशेब अडतो.
पुढे जात नाही, मागेही येत नाही.

पाहुण्यांच्या दारातून पेट्या एका पोरग्याने आणल्या.
अलेक नव्हता.
पोरग्याला मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही.
शर्ट कसेही कोंबलेले, बाह्या आत, नंबर खाली.
तो चहा आणायला गेला तेव्हा
मी पेटी उघडली आणि एकेक घडी मोडून परत घातली,
नंबर वर येईल अशी,
अलेक घालायचा तशी.
घालता घालता मोजले.
तेरा आणि एक.
बरोबर भरले.