नंबर सतरा

दाल बाजारच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान.
पाटीवर अजून
'इंगळे कूलर : बनवणार व विकणार'.
'विकणार'वर मी डांबर फासलं होतं.
ग्वाल्हेरच्या मे महिन्यानं ते ओघळवलं,
खालची अक्षरं पुन्हा दिसू लागली.

दादा विकायचे.
चोवीस गेजचा पत्रा, आतून रंगाचा एकच हात.
"तीन उन्हाळे पुरे," म्हणायचे,
"चौथ्याला गिऱ्हाईक परत यायला नको?"
गंज आमचा भागीदार होता.
बिनपगारी, रात्रपाळीचा.

मग कंपूवरच्या पागनीस बाई आल्या.
एका खोलीचं बिऱ्हाड, वर तापलेलं छत.
म्हणाल्या, कूलर नकोय मला.
हे धूड पावसाळ्यात ठेवू कुठे, डोक्यावर?
मला गारवा हवाय. एप्रिल ते जून.
गारव्याचे पैसे घ्या,
डबा तुमचा, तुम्ही न्या.

दादा हसले.
मी हसले नाही.

आता एकशे बारा आहेत, सगळे आमचेच.
उन्हाळ्यात दुकानात एकही नसतो
आणि विकलेलाही एकही नाही.
पत्रा वीस गेजचा, आतून डांबराचे तीन हात,
मोटर चार बोल्टांवर, अंधारातही उघडेल अशी.
कारण गंज आता दुसऱ्याच्या गच्चीवर मरत नाही,
जुलैत ठेल्यावर बसून सरळ माझ्या दारात येतो
आणि विचारतो, ओळखलंस?

वहीत प्रत्येकाचं एक पान.
नं. ४१, हजीरा : पंप कोरडा चालवला. जळला.
नं. ८ : जाळीत चिमणीचं घरटं. महिनाभर थांबले. भाडं नाही.
नं. ६३ : टाकीत तीन नाणी, एक दुधाचा दात.
दात परत केला.

जुना वाळा बांगडीवाल्याकडे जातो,
खोक्यांत काचेखाली अंथरायला.
जळकं तांबं दौलतगंजला,
तिथून कधीतरी नवी तार होऊन पुन्हा माझ्या बोटांत.
वाइंडिंग करताना मोजते, एकशे नव्वद, एकशे एक्क्याण्णव,
आणि वाटतं, ही मागच्या वर्षीचीच तर नाही?
तांबं काही बोलत नाही.

पण सतरा नंबर आला नाही.
जुलै गेला, दिवाळी गेली.
शिंदेच्या छावणीत फाळके मास्तरांकडे होता.
भाडं मात्र दर महिन्याला, पाकिटात, न मागता.

डिसेंबरात मीच गेले, पाना घेऊन.
धुकं असं की जिना चाचपत चढावा लागला.
मास्तर दोन रजयांत.
कूलर चालू, तोंड भिंतीकडे वळवलेलं.

"पाणी नाही घालत गं," ते म्हणाले.
"पंखा लावतो फक्त.
ही गेल्यापासून रात्री घर फार ऐकू येतं.
याची घरघर असली की
कुणीतरी बाजूला झोपलंय, इतपत वाटतं."
मग जरा लाजून,
"ती घोरायची."

मी बोल्ट सोडवले. बेअरिंग खरंच कोरडं होतं.
तेलाचे चार थेंब, आणि आवाज बंद.
कुपीचं बूच उघडलं होतं मी.
मास्तर माझ्या हाताकडे बघत होते,
डॉक्टरकडे बघतात तसे.

बूच लावलं.
बेअरिंग असं फार तर मार्चपर्यंत टिकेल,
मग बदलीन. नवं थोडं सैल बसवता येईल का, बघीन.

घरी येऊन वही उघडली.
नं. १७ : तपासला. तेल दिलं नाही.
गारव्याचा दर ठरलेला आहे,
घरघरीचा नाही.
रकाना मोकळाच ठेवलाय.
दादा रोज हिशेबाला बसले की त्यावर बोट ठेवतात,
हे काय?
मी म्हणते, ठरवतेय.