फुंकर

आर्डिथने चर्च सोडलं त्या वर्षी
तळघरातले गव्हाचे डबे तसेच राहिले.
त्र्याऐंशी डबे, झाकणांवर आईचं अक्षर,
जगाच्या शेवटच्या दिवसांसाठी भरलेले.
ते दिवस रद्द झालेत
हे डब्यांना कोणी कळवलं नाही.

मीही सोडलं, पण कंटाळून.
ती सुटली वाचून वाचून.
अख्खा हिवाळा, रात्री दोन-दोनपर्यंत,
जुनी पत्रं, आवृत्तीगणिक बदललेल्या ओळी,
पैगंबराच्या बायकांची वयं एका वहीत.
नोटरीसमोर सही केली
आणि गाडीतच पहिली कॉफी प्यायली.
"कडू आहे," म्हणाली, "पण निदान खरी."

सॅनपीटच्या खोऱ्यात रविवार लांब असतो.
सगळं गाव आत गात असतं
आणि रस्त्यावर आम्ही दोघं,
सुट्टी झाल्याचं न कळलेल्या मुलांसारखे.
शेजारची मर्लीन बटाट्यांचं भांडं घेऊन यायची,
यायची थांबली.
वाईट कोणीच बोललं नाही.

मग नेल्डा आली. तीही बाहेर पडलेली.
पर्समध्ये छत्तीस बाटल्या आणि एक प्रश्न:
"ज्यांना आई-बाप मानलं त्यांनी साठ वर्षं फसवलं,
मग डॉक्टर कोण लागून गेले?"
मला उत्तर सुचलं नाही.
अजूनही पुरतं सुचत नाही.

दुधाने तोंड पोळलं की ताक फुंकून पितात.
माझ्या बहिणीने ताकच टाकून दिलं,
फुंकर तेवढी जपली.
फुंकते आता सगळ्यावर:
नळाच्या पाण्यावर, लशीच्या सुईवर,
विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघांवर.
तारीख, वेळ, दिशा. वही तीच,
बायकांच्या वयांनंतरची कोरी पानं.

वडिलांच्या किल्ल्यांना एक नळी असायची,
पेराएवढी, आशीर्वादाच्या तेलाची.
ताप चढला की टाळूवर एक थेंब
आणि वर त्यांचे हात, बीट उपटून राठ झालेले.
ताप उतरला की नाही आठवत नाही.
हातांचं वजन आठवतं.
आर्डिथच्या किल्ल्यांना आता तशीच नळी आहे,
आत उदाचं तेल. विचारलं तर चिडते.

नेल्डा तिच्या मुठीत बाटली देते,
ताठ धरलेला हात खाली दाबते.
हात टिकला, म्हणजे शरीर हो म्हणालं.
"इथे कळतं," आर्डिथ छातीवर बोट ठेवते,
अगदी तिथेच, जिथे चौदाव्या वर्षी
व्यासपीठावर उभी राहून ठेवलं होतं.
"मला ठाऊक आहे," म्हणाली होती तेव्हा.
"मला वाटतं" म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

मार्चमध्ये तिने गाठ दाखवली.
काखेखाली, वाटाण्याएवढी. लहान होतेय, म्हणाली.
मी प्रोव्होच्या इस्पितळात एकोणीस वर्षं
काचपट्ट्यांवर अशाच गाठींचे काप रंगवतो.
सांगितलं. आकडे सांगितले. ओरडलोसुद्धा.
ती शांतपणे म्हणाली, "तुला पगार कोण देतं, थेन?"
हाच प्रश्न तिने एकदा
चर्चच्या इतिहासकाराला विचारला होता,
आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या.

एप्रिलच्या एका रात्री तीच म्हणाली,
"मला भीती वाटते. बाबांसारखे हात ठेव ना."
तो अधिकार मी कधीच परत केलाय.
कोणाच्या नावाने ठेवू, तेही ठाऊक नाही.
"ठेवतो," म्हटलं, "पण मंगळवारी माझ्याबरोबर यायचं."
ती हसली. "बाबाही असेच सौदे करायचे."
तिची नळी उघडली. एक थेंब.
तिचे केस विरळ झालेत, हे मला माहीत नव्हतं.
मी काहीच बोललो नाही,
आणि बराच वेळ हात काढले नाहीत.

मंगळवारी थिसलच्या वळणानंतर
आभाळात तीन रेघा होत्या. तिने वही काढली,
पेन शोधलं, सापडलं नाही.
माझ्या खिशात होतं.
दिलं.

इस्पितळाच्या आवारात गाडी बंद केली.
ती पट्टा न सोडता बसून आहे,
मुठीत किल्ल्या.
मी घाई करत नाही.