जितो मासो

बर्फाच्या कारखान्यावरची खोली भाड्याने घेतली
तेव्हा जमीन दिवसभर थरथरायची.
नटराज खिळ्यावर टिकेना,
शेवटी कोपऱ्यात फळकुटावर बसवला.

अम्मांनी मला माटुंग्यात शिकवलं, तिसऱ्या मजल्यावर.
खालचं बिऱ्हाड झाडूच्या दांड्याने छत ठोकायचं,
म्हणून आमची पावलं हलकी.
पुढे लोक म्हणू लागले, काय नजाकत!
अम्मांच्या गुरूंकडे, तंजावरच्या बाजूला,
सारवलेली भुई होती.
तिथे टाच पडली की म्हणे
परसातली कोंबडी उडायची.
मी ती टाच पाहिलेली नाही.

इथे दांडीला आमच्याखाली फक्त बर्फ.
बर्फ तक्रार करत नाही.
वर्षभरातच मुलींच्या टाचा माझ्याहून जड झाल्या
आणि मी, खरं सांगते, आवरल्या नाहीत.

मग मत्स्य-हस्त.
तळव्याच्या पाठीवर तळवा,
दोन्हीकडे अंगठे, परांसारखे फिरते.
दर्शना खोबरेकर, इयत्ता सातवी,
केसांना होडीच्या डिझेलचा वास:
"बाई, तुमचो मासो मेललो."
वर्ग फिसकन हसला. मी ठोकळ्यावर काठी आपटली.
"जितो बांगडो अंगठ्यान नाय जाणा.
तो शेपटेन जाता."
आणि मनगटातून तिने असा झटका दिला
की मी अर्धं पाऊल मागे सरले,
शिंतोडा उडेल म्हणून.

मी म्हटलं, परीक्षेत हे चालणार नाही.
नाहीच चाललं.
कोल्हापूरहून आलेल्या परीक्षकांनी
लाल शाईत लिहिलं: हस्त अशुद्ध.
तिच्या बापाने कागद उलटसुलट करून पाहिला.
"शुद्ध म्हणजे खंयच्या दर्याचो?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहा दिला.

दर्शना आता रत्नागिरीत नर्स आहे.
नाचत नाही.
फोन करते कधी कधी, पाठदुखीबद्दल बोलते, माझ्या.

गेल्या मंगळवारी नव्या तुकडीत
एक सहा वर्षांची, पुढचे दात पडलेली,
तळव्यावर तळवा ठेवते काय
आणि मनगटातून, झट्‌कन,
शेपटी.
"कोणी गो शिकवलान तुका?"
"तुमीच."

मी माझ्या हातांकडे पाहिलं.
काठी उचलली. तैया तै.
खाली लाद्या सुटत होत्या साच्यांतून,
धाड, धाड,
जवळजवळ तालात.