काचपट्टी

भेरूलाल मिस्त्रीने आधी भिंतीला हात लावला नाही.
तळघराच्या तिसऱ्या पायरीवर थांबून
त्याने नुसता वास घेतला,
चपला वरच काढल्या होत्या,
खाली कोणी झोपलं असावं तशा.

मग विजेरी तिरपी धरली.
सहा वर्षं रोज बघत होते ती भेग
मला तेव्हा दिसली:
जिन्याखालून निघते,
नानांच्या वाइंडिंगच्या टेबलापाशी तिला दोन फाटे फुटतात,
एक मीटरच्या डब्यामागे शिरतो,
दुसरा छताच्या वीतभर अलीकडे
काय आणायला निघालो होतो ते विसरल्यासारखा थांबतो.

"दीदी, या जीवती है के मरी गई?"

मला वाटलं, पालीचं विचारतोय.

मेलेली असेल तर अर्ध्या दिवसाचं काम, म्हणाला,
छिन्नी, पाणी, मसाला, वर चुन्याचा हात.
जिवंत भेगेला सिमेंट खपत नाही.
ती शेजारी सरकते आणि तिथे तोंड उघडते.
खिशातून काच काढली,
कुठल्याशा फोटोफ्रेमची, बोटाएवढी पट्टी,
भेगेवर आडवी बसवली, दोन्ही टोकांना पीओपीचा गोळा,
पेन्सिलीने तारीख: ९ मे.
दसऱ्यापर्यंत बघा.
पैसे घेतले नाहीत. चहा दोनदा घेतला, शेव संपवली.

आमची गल्ली काळ्या मातीवर वसली आहे.
माळव्याची ही माती, तिच्यात गहू उत्तम येतो, घरं बेताची.
उन्हाळ्यात आकसते,
चार महिने पाणी पिऊन फुगते, भिंतीला खांदा लावते.
नाना इथे मोटारी भरायचे.
तांब्याचे वेढे बोलता बोलता मोजायचे, कधी चुकले नाहीत.
आवाज वर जाऊ नये म्हणून तळघर खणलं.
आवाज वर यायचाच.
हेरंबने आणि मी त्यावरच पाढे पाठ केले.

हेरंब आता बंगळूरला.
"सिमेंट भरून टाक, रंग मार.
घेणारा काय विजेरी घेऊन खाली उतरणार आहे?"
मी म्हटलं, काच लावली आहे.
"कसली काच?"
त्याला मीटिंग होती. माझा कुकर होता.

जूनमध्ये रोज बघून येत होते.
जुलैमध्ये आठवड्याने.
ऑगस्टच्या तीन तारखेला गव्हाचा डबा आणायला गेले
तर पट्टी मधोमध तडकलेली.
आवाज झाला असणार.
तेव्हा मी वर बसून कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत असेन.
वाईट वाटायला हवं होतं.
मी तिथेच, गव्हाच्या डब्यावर, जरा वेळ बसले.
म्हटलं, बरं आहे. म्हणजे आहेस.

दसऱ्यानंतर भेरूलालने भेग उकरली.
वरचं सिमेंट माझंच,
नाना गेल्यावर घाईने भरून घेतलेलं,
पापडासारखं निघालं.
त्याच्या आत काहीतरी मऊ.
त्याने छिन्नी ठेवली आणि बोटांनी ओढलं:
सुती पट्टी, वार्निशात बुडवलेली,
घडीवर घडी, जिन्यापासून फाट्यापर्यंत
दाबून दाबून बसवलेली,
वाइंडिंग बांधतात तशी.
अजून वास होता.

"कोई ने समझ के भरी थी," भेरूलाल म्हणाला,
आणि माझ्याकडे बघितलं नाही, ते बरं केलं.

पट्टीचा फोटो हेरंबला पाठवला.
खाली काही लिहिलं नाही.
अठ्ठावीसशेचं रबरासारखं काहीतरी आणलं होतं मिस्त्रीने,
ते दाबलं की दबतं, सोडलं की परत येतं.
मी भाव करायचं विसरले.

फोन वाजला तेव्हा हात वार्निशाचे होते.
"पिवळी ना? अर्धा इंच.
सियागंजातून मीच आणायचो, सायकलवर.
मला सांगायचे, मोटारीला लागते."

काय लिहावं कळेना.
तेवढ्यात खालून हाक आली,
दीदी, जरा विजेरी धरा.
सरळ नको.
तिरपी.